एप्रिलपुरता विषय

आमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी चित्रपटमंडळ निघाले. पद्धत साधी होती. दर महिन्याला एक विषय ठरवायचा, त्या विषयावरचे दोन-तीन चित्रपट ज्याने त्याने आपापल्या सोयीने ओटीटीवर पाहायचे आणि ठरलेल्या शनिवारी मराठी विभागाच्या खोलीत जमून चर्चा करायची. नोव्हेंबरपासूनची यादी सूचनाफलकावर लागली : पाऊस, आई, रहस्य, प्रवास, खेळ. आणि एप्रिलसमोर लिहिले होते, ‘दलित सिनेमा’. त्या महिन्याची प्रस्तावना कोणी करायची हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. माझे नाव आधीच टाकलेले होते.

पाऊस, आई, रहस्य यांच्या चित्रपटांत जात नाही आणि एप्रिलच्या चित्रपटांत जातीवाचून दुसरे काही नाही, असे ही यादी सांगत होती. प्रस्थापित समीक्षेने आपल्या साहित्याशी वेगळा व्यवहार केला आहे काय? चौदा एप्रिलला आमच्याकडून वेदना ऐकावी आणि पंधरा एप्रिलपासून कलेविषयी आपसात बोलावे, ही जुनीच रीत आहे. तरीही मी नकार दिला नाही. नकार देऊन खोलीबाहेर राहिलो असतो, तर आत काय बोलले जाते ते कळलेच नसते.

आधी पाहण्याविषयी थोडे सांगतो. माझे वडील तंबूतला सिनेमा पाहत. पडद्याच्या अगदी पुढ्यात, मातीत बसून, मान वर करून. आता पडदा खिशात आला, त्यामुळे पुढची आणि मागची जागा उरली नाही असे आमचे एक सहकारी म्हणतात. ते स्वतःच्या दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर पाहतात. वसतिगृहातली सहा मुले एका मोबाइलवर पाहतात, तेही दुसऱ्या कोणाच्या खात्यावर आणि दिवसाचा डेटा संपेपर्यंत. एका मुलाने मला सांगितले की, त्याने ‘फँड्री’ तीन हप्त्यांत पाहिला. जागा उरली नाही असे म्हणण्याची सोय ज्याला जागा आहे त्यालाच असते.

एप्रिलसाठी तीन चित्रपट होते : बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (1959), सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी केलेला ‘सद्गती’ (1981) आणि नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013). पहिल्या दोहोंवर सहकारी भरभरून बोलले. किती संयत, किती करुण! मलाही ‘सद्गती’तला तो प्रसंग विसरता येत नाही. पंडित मेलेल्या दुखीच्या पायात दोरीचा फास अडकवतो, तोही काठीने, शिवाशीव टाळून, आणि ते प्रेत ओढत नेतो. कॅमेरा तेथे एक शब्दही बोलत नाही. ही थोर कला आहे, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. पण हा चित्रपट आपल्या सामर्थ्याच्या शिखरावर पोचतो तेव्हा दुखी जिवंत नसतो. 1936 च्या ‘अछूत कन्या’तली कस्तुरीही शेवटी रेल्वेखाली जाते. सुजाता जगते, पण पोटच्या मुलीचा मान मिळवण्यासाठी तिला पाळणाऱ्या आईला रक्त द्यावे लागते. सवर्ण प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी यावे यासाठी आपण एक तर मरायचे, नाही तर रक्त द्यायचे. असले अश्रू म्हणजे भूतदया, आणि भूतदयेत समतेला जागा नसते.

‘फँड्री’वर आले तेव्हा मात्र खोली चाचरू लागली. एका सहकारी बाईंनी मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याकडे वळून अगदी मायेने विचारले, ‘तू सांग ना, तुझा अनुभव काय?’ मुलगा कैकाडी समाजातला, हे त्यांना ठाऊक होते. तो म्हणाला, ‘मॅडम, अनुभव सिनेमात आलाय. मला शेवटाबद्दल बोलायचंय.’

शेवट वाचकांना आठवत असेल. डुक्कर पकडताना साऱ्या गावाने केलेली टिंगल सहन करून करून जब्या दगड भिरकावतो. तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. बाई म्हणाल्या, ‘तो दगड आपल्या सगळ्यांवर येतो.’ मुलगा म्हणाला, ‘माझ्यावर नाही आला. मी जब्याच्या मागं उभा होतो.’

याला मी अनुभवकथन म्हणायला तयार नाही. ही समीक्षा आहे, आणि त्या दुपारी झालेली एकमेव समीक्षा आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्येही (1974) शेवटी एक पोर दगड मारते, पण तो जमीनदाराच्या खिडकीवर. प्रेक्षक आपल्या जागी सुरक्षित बसून त्या पोराचे कौतुक करू शकतो. मंजुळे यांनी कॅमेराच हसणाऱ्यांच्या जागी नेऊन ठेवला आणि प्रेक्षकाची खुर्ची त्यांच्यात मांडली. ज्याला ती खुर्ची आपली वाटत नाही, त्याने दुसरी जागा शोधायची. दृष्टिकोन ही संकल्पना आम्ही वर्गात फळ्यावर लिहून शिकवतो. त्या मुलाने ती एका वाक्यात वापरली. आणि मी? घरातला पहिला पदवीधर, पगारदार, शहरात हप्त्यांवर घर घेतलेला. त्या दगडापुढे मी नेमका कोठे उभा आहे, याचे उत्तर मला त्या दुपारी चटकन देता आले नाही.

आपल्या माणसांविषयीही एक बोलले पाहिजे. ‘जय भीम’ (2021) ओटीटीवर आला तेव्हा आपल्या वस्त्यांत तो घरोघर पाहिला गेला. नाव पाहूनच छाती भरून आली. तुरुंगाच्या दारात सुटलेल्या माणसांची जात विचारून त्यांना वेगळे काढतात, तो आरंभ अंगावर येतो. पण सारी लढाई वकिलाच्या हाती जाते आणि इरुळर बाई सेंगेणी बहुतेक वेळ त्याच्या मागे चालते, याविषयी आपण फार थोडे बोललो. चौकटीत बाबासाहेबांची तसबीर दिसली की आपली चिकित्सा थांबते. बाबासाहेबांनी आपल्याला नेमके याच्या उलट शिकवले होते.

त्या चर्चेनंतर घरी जाताना एक गोष्ट लक्षात आली. दुखी पंडिताच्या दारी गेला होता कशासाठी? मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यासाठी. तापाने अशक्त झालेला माणूस उपाशीपोटी लाकूड फोडत मरतो तो एका लग्नापायी. दोन तास चर्चा झाली, पण हे कोणी बोलले नाही. मीही नाही. जून महिन्यात नवी यादी करण्याची वेळ आली तेव्हा मी विषय सुचवला, ‘लग्न’. सर्वांना तो हलकाफुलका वाटला आणि एकमताने मंजूर झाला. चित्रपट ठरले ‘हम आपके हैं कौन’ (1994) आणि ‘सैराट’ (2016).

पहिल्याविषयी बोलताना खोली खुलली. गाणी, घर, माया. मी एवढेच विचारले की, हा चित्रपट जातीवरचा आहे काय? लोक हसले. या चित्रपटात जातीचा उच्चार नाही हे खरे. त्याची गरजच पडत नाही. वडीलधारी माणसे जुन्या स्नेह्यांतून स्थळ जुळवतात, थोरल्या भावाचे लग्न त्या घरी होते आणि धाकट्याचे प्रेमही त्याच घरात बसते. वहिनी वारल्यावर तिच्या बहिणीला थोरल्याला देण्याचे ठरते. सारे फिरून त्याच दोन घरांत. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केलेला नोकर लल्लू सर्वांचा लाडका आहे, पण त्याची जोडी लागते ती मोलकरणीशी. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जातीचे मूळ लक्षण म्हणून जे दाखवून दिले, ते हेच : आपल्यातल्या आपल्यात विवाह. ‘जातिनिर्मूलना’त (1936) त्यांनी खरा उपाय सांगितला तोही आंतरजातीय विवाहाचाच. त्या दृष्टीने पाहिले तर तीन तास गाणी गात जातीचा सोहळा करणारा याहून मोठा चित्रपट हिंदीत शोधावा लागेल. एक सहकारी रागावून म्हणाले, ‘तुम्हाला प्रत्येक ठिकाणी तेच दिसते.’ मी म्हटले, तुम्हाला एप्रिलमध्येच दिसते.

‘सैराट’वर मात्र बोलायला कोणी पुढे होईना. पाटलाची आर्ची, मासेमाराचा परश्या. गाण्यांवर साऱ्या महाराष्ट्राच्या वराती नाचल्या, त्यांत आर्चीच्या बापाच्या वाड्यांतल्याही नाचल्या असतील. पूर्वार्ध प्रत्येकाने आपला म्हणून घेतला. हिंदीत ‘धडक’ (2018) करताना पूर्वार्धाची झगमग वाढली आणि जात पुसट झाली, हे त्या आवडीला धरूनच होते.

बऱ्याच वेळाने खिडकीजवळची एक मुलगी बोलली. गावातल्या मोठ्या घरची, एरवी गप्प असणारी. म्हणाली, ‘आमच्याकडं टीव्हीवर सगळ्यांनी मिळून बघितला होता. आबा पण हसत होते. दोघं हैदराबादला संसाराला लागली, बाळ झालं, तोवर लावलेला होता. माहेरची माणसं वाण घेऊन आली आणि आबांनी रिमोट घेतला, म्हणाले, झोपा आता.’

कोणी काही बोलले नाही. मग तिनेच सांगितले की, उरलेला भाग तिने दोन वर्षांनी वसतिगृहात, मैत्रिणीच्या मोबाइलवर, पांघरुणात पाहिला. इअरफोन नव्हते म्हणून आधी भीती वाटत होती. पण त्या शेवटाला आवाजच नाही, असे ती म्हणाली.