‘स्वतंत्र’ या शब्दाचे दोन अर्थ : महाविद्यालयीन स्वच्छतागृहांच्या परिभाषेची एक चिकित्सा

‘स्वतंत्र’ या शब्दाला व्यवहारातील मराठीत दोन अर्थ आहेत. जो कुणावर अवलंबून नाही तो स्वतंत्र, हा एक. जे इतरांपासून निराळे काढलेले आहे ते स्वतंत्र, हा दुसरा. ‘स्वतंत्र राष्ट्र’ या प्रयोगात पहिला अर्थ अभिप्रेत असतो, ‘स्वतंत्र खोली’ या प्रयोगात बहुधा दुसरा. ‘विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह’, ‘दिव्यांगांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह’, ‘तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह’ अशी जी शब्दयोजना शैक्षणिक संस्थांच्या कागदपत्रांत रूढ झाली आहे, तीत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. वाचणाऱ्याच्या कानी पहिल्या अर्थाचा आश्वासक ध्वनी पडतो. बांधणारा मात्र दुसरा अर्थ बांधतो. ही संदिग्धता उकलून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रश्न केवळ शब्दाचा नाही, हे कोरपन्यासारख्या तालुक्याकडे पाहिले असता ध्यानात येते. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाचे केंद्र नागपूरहून गडचिरोलीस, म्हणजे अरण्यप्रदेशातील विद्यार्थ्याच्या अधिक जवळ आले. तथापि कोरपना आणि शेजारचा जिवती या तालुक्यांतील खेड्यांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस आजही एस.टी.च्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. मधल्या सुट्टीत घरी जाऊन येण्याची सोय त्याला नाही. वापरता येईल असे स्वच्छतागृह नसेल, तर पाणीच न पिणे हा एक उपाय उरतो. आणि या भागात उन्हाळ्याचा पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो. चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला पायरी अडवते. ज्याचे रूप ‘पुरुष’ आणि ‘स्त्रिया’ या दोन्ही पाट्यांपैकी एकीशीही जुळत नाही, त्याला नजरा अडवतात. परिणाम एकच : दुपारचा तास बुडतो, ग्रंथालयातील बैठक बुडते, आणि हजेरीपटावर मात्र त्याचे कारण कधीच नोंदले जात नाही.

स्त्री-पुरुषांची स्वच्छतागृहे निराळी असावीत ही कल्पना अनादि आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1887 मध्ये कारखान्यांत स्त्री-कामगारांसाठी निराळी व्यवस्था कायद्याने आवश्यक केली, आणि अन्य राज्यांनी तिचे अनुकरण केले. भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 19 व्या कलमाने हीच तरतूद केली. आवारपूर, गडचांदूर येथील सिमेंट कारखान्यांमुळे कोरपना तालुक्यास हा कायदा परका नाही. उलट ज्या घरांत संडास आहे तेथे तो बहुधा सर्वांचा एकच असतो, आणि रेल्वेच्या डब्यातील शौचकूपही स्त्री-पुरुष दोघे वापरतात. तेथे कुणी आक्षेप घेत नाही, कारण दार पूर्ण असते आणि आत एका वेळी एकच माणूस असतो. अर्थात सर्वसमावेशक स्वच्छतागृह ही बाहेरून आणलेली चाल नसून, जी गोष्ट घरात चालते तिला संस्थेत स्थान देणे एवढेच तीत आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या ‘नाल्सा’ निकालाने पारलिंगी व्यक्तींच्या स्वयंनिर्णयाला मान्यता दिली, आणि त्याच निकालात त्यांच्यासाठी निराळी सार्वजनिक शौचालये असावीत असाही निर्देश दिला. या दोन गोष्टींत एक सूक्ष्म विसंगती आहे. आपले लिंग आपण ठरवावे हे तत्त्व मानल्यावर, स्वतःस स्त्री म्हणविणाऱ्या पारलिंगी विद्यार्थिनीला तिसऱ्या दाराकडे धाडणे त्या तत्त्वाशी जुळत नाही. शिवाय छोट्या महाविद्यालयात तिसऱ्या दारातून आत जाणे म्हणजे अवघ्या आवारासमोर आपली ओळख जाहीर करणे होय. दाराचा हेतू आडोसा देण्याचा. हे दार आडोसाच हिरावून घेते.

निराळी खोली म्हणजे सन्मान नव्हे, हे या अरण्यप्रदेशाला कुणी बाहेरून शिकवावयास नको. गडचिरोली जिल्ह्यातील माडिया-गोंड गावांत कुर्मा घर आहे. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी तेथे राहावयाचे असते. अलीकडे काही गावांत जुन्या झोपड्यांच्या जागी पाण्याची व शौचालयाची सोय असलेल्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळे स्त्रियांचे हाल निश्चितच कमी झाले. परंतु आत कुणी, केव्हा आणि कुणाच्या इच्छेने जावयाचे, या प्रश्नाला विटा-सिमेंट उत्तर देऊ शकत नाही. खोली व्यक्तीसाठी आहे की व्यक्तीला दृष्टीआड करण्यासाठी, ही कसोटी महाविद्यालयाच्या दारालाही लावली पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. स्त्रियांना स्वतःची स्वच्छतागृहे मोठ्या झगड्याने मिळाली आहेत. पुरुषांच्या मुताऱ्या विनामूल्य असताना स्त्रियांकडून पैसे का घ्यावेत, असा प्रश्न घेऊन मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली, यावरून त्या झगड्याची जातकुळी कळते. म्हणून विद्यार्थिनींची खोली काढून घेऊन तिला ‘सर्वांची’ म्हणणे हा अन्यायच ठरेल. मागणी निराळी आहे : असलेल्या व्यवस्थेत पूर्ण भिंतींच्या, एकेका व्यक्तीच्या, कुणालाही वापरता येतील अशा खोल्यांची भर घालावी, आणि त्या अशा असाव्यात की 1:12 चढाच्या उतरणीवरून, 900 मिलिमीटर रुंद दारातून चाकांची खुर्ची आत जाईल आणि 1500 मिलिमीटरच्या वर्तुळात वळेल. अशी खोली गरोदर प्राध्यापिकेला, पाय मोडलेल्या खेळाडूला आणि वृद्ध वडिलांना घेऊन आलेल्या मुलीलाही उपयोगी पडते. मात्र ‘दिव्यांग व तृतीयपंथी’ अशी जोडपाटी लावली की तीच खोली उरलेल्यांची होते. उरलेल्यांच्या खोलीला कुलूप लागते, किल्ली शिपायाकडे जाते, आणि कालांतराने आत मोडके बाक साठतात.

कायद्याची भाषाही या संदर्भात तपासावी लागते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे 16 वे कलम शैक्षणिक संस्थांच्या इमारती व आवारे सुगम करण्यास सांगते. परंतु त्याखालील नियम सुगमतेच्या तपशिलासाठी केवळ मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवीत होते. 8 नोव्हेंबर 2024 रोजी ‘राजीव रतुरी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला, आणि किमान मानके बंधनकारक करण्यास शासनास सांगितले. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, ‘असावे’ या विध्यर्थाच्या जागी ‘असलेच पाहिजे’ ही निश्चिती आणण्याचा तो आदेश होता.

तात्पर्य, ‘स्वतंत्र स्वच्छतागृह आहे काय?’ हा तपासणी-पत्रकातील प्रश्नच अपुरा आहे. कुणाचीही परवानगी न मागता, किल्ली न शोधता, आपण कोण हे न सांगता विद्यार्थ्याला आत जाता येते काय, असे विचारावयास हवे. या प्रश्नाला होकार मिळेल तेथेच ‘स्वतंत्र’ हा शब्द आपल्या पहिल्या अर्थाने खरा ठरेल.