सेवाभावाचा हिशेब

रुग्णालयांविषयीच्या मराठी लेखनात ‘सेवाभाव’ हा हुकमी शब्द आहे. लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाची कथाही याच शब्दाभोवती सांगितली जाते. पण १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे एकटे नव्हते. बरोबर सहकारी डॉक्टर होते. निष्ठा टिकली, त्यात या सोबतीचा वाटा मोठा. गौरवपर लेखनात नेमका तोच मागे पडतो.

सोबत नसली की काय होते, हे नांदेडला दिसले. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. दोन दिवसांनी एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. मृत्यूंचा जाब विचारलाच पाहिजे. पण हा जाब नव्हता, पाणउतारा होता. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन मंजूर आणि रिक्त पदांचा तपशील मागितला. खरा प्रश्न तो होता.

परिचारिका कामात किती रमते, हे विचारणाऱ्या प्रश्नावल्या पुष्कळ निघतात. तिच्या पाळीत किती जणी कमी आहेत, हे आधी विचारावे. सेवाभाव खरा असतो. पण रिक्त जागांचे ओझे त्याच्यावर टाकता येत नाही.