तुतारी वगळून सांगितलेला पट

आमच्या घरात शंकरपटाची एकच गोष्ट आहे आणि ती आजोबा सांगतात. दारव्हा तालुक्यातलं गाव, कापूस निघाल्यावर मोकळी झालेली शेतं, आणि सगळ्यांना मागे टाकणारी आमची जोडी. बक्षिसाचं भांडं कधी पितळी असतं, कधी तांब्याचं. बैलांचा रंग मात्र कधीच बदलत नाही.

दिवसभर ऑफिसात सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या माणसाला अशी गोष्ट तपासायची खाज सुटतेच. पण तपासायचं नेमकं काय, हे मला एका जर्मन माणसामुळे कळलं.

आल्फ्रेड नॉयबाउअर हा दुसऱ्या महायुद्धाआधी मर्सिडीजच्या रेसिंग संघाचा व्यवस्थापक. त्याच्या आठवणींतला एक किस्सा जगभर फिरला. १९३४ ची आयफेल शर्यत, वजनाची मर्यादा ७५० किलो, गाडी भरली ७५१. मग रात्रभर खरवडून पांढरा रंग काढला, खालचं चंदेरी ॲल्युमिनियम उघडं पडलं आणि ब्राउखिच जिंकला. किस्सा फक्कड आहे. अडचण एवढीच, की त्या शर्यतीला वजनाची ती मर्यादा लागूच नव्हती, असं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. शिवाय १९३२ साली आव्हुसवर ब्राउखिचनं जिंकलेली मर्सिडीजही चंदेरीच होती.

पण माझा आक्षेप त्या एका किलोबद्दल नाही. म्हाताऱ्या माणसानं किस्सा रंगवला तर रंगवू दे. या गाड्यांमागे हिटलरच्या सरकारचा पैसा होता, आणि तीसच्या दशकातल्या त्या शर्यती म्हणजे त्या राजवटीची जाहिरात होती. चारचौघांत मात्र सांगितली जाते ती रंग खरवडल्याची गोष्ट. ती इतकी गोड आहे की तिच्यापुढे बाकीचं विचारायचं सुचतच नाही.

आपल्या पटाच्या आठवणी मी याच कसोटीवर वाचतो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत ‘बंदीआधीचे पट’ हा आठवणींचा एक प्रकारच तयार झाला. आता त्याला ड्रोन आणि हलगी लावून रील होते. त्यात धुरकरी असतो, गुलाल असतो, पोटच्या पोरासारखा जपलेला बैल असतो. तो जपणं खोटं नाही. आमच्याकडे सरकी आधी बैलांना, मग बाकीचं. पण तुतारी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, त्या आठवणींत जवळपास नसतेच. खटला तर याच क्रौर्यावर उभा होता. बंदी का आली हे ज्या आठवणीतून कळत नाही, ती मला अर्धवट वाटते, मग ती सांगणारा माणूस कितीही जवळचा असो. उलट नुसता खिळा दाखवून थांबणारे लेखही मला तितकेच अर्धवट वाटतात. त्यांत सरकी नसते.

मागच्या दिवाळीत आजोबांना सरळ विचारलं. आपली जोडी एवढी पळायची, ती कशी?

“तुतारी लावल्याबिगर पयते का रे बैल?” ते म्हणाले, आणि लगेच भांड्यावर आले. या खेपेला ते पितळी होतं.