सामायिक टिपणवहीतले पाठभेद

मोबाइलवरची सामायिक टिपणवही हे आता शिक्षकांच्या रोजच्या कामाचे साधन झाले आहे. प्रयोगाच्या सूचना, प्रश्नसंच, सहलीच्या याद्या एकाने लिहाव्यात, दुसऱ्याने सुधाराव्यात आणि सर्वांना एकच मजकूर दिसावा, अशी ही सोय आहे. मुलुंडच्या बाईंना बोरीवलीच्या सरांबरोबर बसून टिपण तयार करायचे, तर घाटकोपरला उतरायचे, मेट्रोने अंधेरी गाठायची आणि तिथून पुन्हा लोकल पकडायची. टिपणवही हा सारा प्रवास वाचवते. मात्र ‘दोघांनी एकदम लिहिले तरी सगळे आपोआप जुळते’ असे जे सांगितले जाते, त्यातला ‘आपोआप’ हा शब्द तपासून घ्यायला हवा.

भेद पडतो कसा?

सामायिक टिपणाची एकेक प्रत प्रत्येकाच्या मोबाइलवर असते. रेंज असेल तेव्हा या प्रती मध्यवर्ती संगणकामार्फत एकमेकींशी मिळत्याजुळत्या केल्या जातात. यालाच ‘सिंक’ म्हणतात. गर्दीच्या लोकलमध्ये रेंज गेली तरी बाई आपल्या प्रतीत बदल करू शकतात. त्याच वेळी सरांनी आपल्या प्रतीत काही बदलले, तर एका मुळापासून दोन वेगळे पाठ तयार होतात. रेंज आली की प्रश्न उभा राहतो: खरा पाठ कोणता?

सर्वांत सोपा नियम म्हणजे जो पाठ शेवटी लिहिला गेला तो ठेवायचा आणि आधीचा पुसायचा. हा न्याय घड्याळाचा आहे आणि तो दोन कारणांनी लंगडा पडतो. पहिले कारण, दोन मोबाइलांची घड्याळे तंतोतंत जुळतीलच असे नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली एका निबंधात दाखवून दिले, की निरोप पोचायला वेळ लागतो अशा व्यवस्थेत ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचा अर्थ माहितीच्या प्रवासावरून ठरतो. सरांनी बाईंचा बदल पाहून मग लिहिले असेल, तरच ते ‘नंतर’ लिहिले. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता, तर त्या दोन बदलांत आधीचा-नंतरचा असा क्रमच नाही. घड्याळाचा नियम नसलेला क्रम लादतो आणि एकाचे काम गुपचूप पुसून टाकतो.

भेद पडला आहे हे ओळखण्याची रीत मात्र सोपी आहे. पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८३ साली मांडली. प्रत्येक प्रतीबरोबर प्रत्येक लेखकाच्या बदलांची संख्या ठेवायची. सुरुवातीला दोन्ही प्रतींवर (१, १) आहे असे धरू. बाईंनी बदल केला की त्यांची प्रत (२, १) होते, सरांनी केला की त्यांची (१, २) होते. (२, १) ही जोडी (१, १) पेक्षा सरळ पुढची आहे. पण (२, १) आणि (१, २) यांपैकी एकही दुसरीच्या पुढे नाही. असे दिसले की भेद पडला असे समजावे. आठवीच्या मुलांनाही हे फळ्यावर समजावता येते.

आपोआप जुळवणीची मर्यादा

भेद ओळखला, आता जुळवणी. दोनच प्रती समोर ठेवल्या तर एक वाक्य एकीत आहे, दुसरीत नाही, एवढेच कळते. ते एकाने नव्याने घातले की दुसऱ्याने काढून टाकले, हे कळायला दोघांची समान जुनी प्रत लागते. ती जपली असेल, तर वेगवेगळ्या परिच्छेदांतले बदल निर्धोकपणे एकत्र करता येतात. प्रोग्रामर मंडळी वापरतात ती २००५ सालची ‘गिट’ ही प्रणाली असेच करते. दोघांचे बदल एकाच जागी आले, तर ती थांबते आणि दोन्ही पाठ समोर ठेवते.

त्यापुढची पायरी मार्क शापिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली व्याख्याबद्ध केली. या पद्धतीत मजकुरातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःची ओळख दिली जाते. बदल कोणत्याही क्रमाने पोचोत, सर्व प्रती शेवटी एकच होतात. याला गणिती सिद्धता आहे. पण सिद्ध काय होते ते नीट पाहावे. सर्वांना एकच मजकूर दिसेल एवढीच हमी मिळते. तो मजकूर बरोबर असेल अशी हमी कोणी दिलेली नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, टिपणात एक चुकीचे वाक्य आहे: ‘सौम्य आम्ल करताना आम्लात पाणी हळूहळू घालावे.’ संहत गंधकाम्लाच्या बाबतीत ही चूक घातक आहे. मिसळताना खूप उष्णता निर्माण होते, वर तरंगणारे हलके पाणी उकळते आणि आम्ल अंगावर उडते. म्हणून नेहमी पाण्यातच आम्ल हळूहळू, ढवळत घालायचे असते. बाईंनी दुरुस्ती केली: ‘पाण्यात आम्ल हळूहळू घालावे.’ सरांनीही केली: ‘आम्लात पाणी हळूहळूही घालू नये.’ दोघेही बरोबर आहेत. पण बाईंनी वाक्याचा पूर्वार्ध बदलला आणि सरांनी उत्तरार्ध. शब्दाशब्दाने जुळवणाऱ्या यंत्राला यात कुठेच भांडण दिसत नाही. त्याने दोन्ही दुरुस्त्या स्वीकारल्या, की वाक्य तयार होते: ‘पाण्यात आम्ल हळूहळूही घालू नये.’ दोन बरोबर दुरुस्त्यांतून घातक सूचना जन्माला आली आणि ती सर्वांच्या मोबाइलवर तंतोतंत सारखी पोचली!

आपोआप जुळवणी नेहमीच वाईट, असा याचा अर्थ नाही. ॲमेझॉन कंपनीच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या ‘डायनामो’ या साठवण-प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्राहकाच्या टोपलीच्या दोन प्रती झाल्या, तर त्या एकत्र केल्या जात. टोपलीत घातलेली वस्तू हरवत नसे, पण काढून टाकलेली कधीकधी परत येई, हे त्यांनी उघड सांगितले होते. टोपलीत हे चालते, कारण नको असलेली वस्तू ग्राहक पुन्हा काढू शकतो. प्रयोगाच्या सूचनेत ते चालणार नाही.

पुण्यातली कसोटी

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. त्यासाठी एकूण १,२५९ हस्तलिखिते वापरली गेली. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर हे केंब्रिजला गणित शिकलेले होते. त्यांच्या संपादनात सर्वांत नवी प्रत जिंकत नाही आणि नुसते बहुमतही जिंकत नाही. एकाच प्रतीवरून उतरवलेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. उलट काश्मीर आणि दक्षिण अशा दूरच्या, एकमेकींशी संबंध न आलेल्या शाखा एका पाठावर जुळल्या, तर त्याला वजन येते. वगळलेले पाठ फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. आणि संपादकाला जिथे खात्री नव्हती, तिथे मजकुराखाली नागमोडी रेघ दिली.

तुलनेला मर्यादा आहे. तिथे मूळ प्रत हरवलेली होती आणि तिच्याकडे मागे जायचे होते. इथे मूळ प्रत जपता येते आणि पुढचा पाठ ठरवायचा आहे. तरी काहीही गुपचूप पुसू नये आणि शंका असेल तिथे खूण करावी, ही दोन तत्त्वे दोन्हीकडे सारखीच लागू पडतात.

या कसोटीवर आजची साधने पाहू. ‘जॉप्लिन’ ही मुक्त टिपणवही भेद पडल्यास आपला पाठ वेगळ्या वहीत ठेवते आणि मूळ जागी दुसऱ्याचा पाठ आणते. काही हरवत नाही हा तिचा गुण. पण दोन पाठ ताडून पाहण्याचे काम उरते आणि ती वेगळी वही उघडायची राहून जाते. ‘ऑब्सिडियन’ची स्वतःची सिंकसेवा मजकूर आपोआप जुळवू शकते आणि जुन्या आवृत्त्याही राखते. तिथे सोय जास्त आहे. पण आम्लाच्या वाक्यासारखी जुळवणी झाली, तर जुनी आवृत्ती उघडायला हवी हे सुचणार कोणाला? गिटचे थांबणे प्रामाणिक आहे, पण त्याच्या खुणा प्रोग्रामरसाठी आहेत. शिक्षकांच्या टिपणवहीला हवी आहे ती नागमोडी रेघ: यंत्राने जिथे दोघांचे शब्द एका वाक्यात जोडले, तिथे खूण आणि माणसाने वाचून मान्य केल्यावरच ती पुसणे.

तोपर्यंत दोन पथ्ये पाळता येतील. सुरक्षिततेच्या सूचना असलेल्या टिपणात एका वेळी एकानेच बदल करावा. आणि टिपण वर्गात नेण्यापूर्वी ते अखेरच्या रूपात एकदा पूर्ण वाचावे.

वर्गात करून पाहण्यासारखा उपक्रमही आहे. पाच वाक्यांचा एक उतारा दोन गटांना द्या. एकमेकांना न दाखवता प्रत्येक गटाने तीन बदल करावेत. तिसऱ्या गटाला आधी फक्त दोन बदललेल्या प्रती द्या आणि जुळवणी करायला सांगा. मग मूळ उतारा द्या आणि पुन्हा करायला सांगा. दोन्ही वेळा कोणते निर्णय बदलले आणि कोणत्या वाक्यांखाली नागमोडी रेघ द्यावी लागली, याची नोंद मुलांनीच ठेवावी.