ज्युलियनच्या कांस्यमुद्रेवरील वृषभ

रोमन बादशहा ज्युलियन (इ. स. ३६१–३६३) याची मोठी कांस्यमुद्रा संग्राहकांच्या परिचयाची आहे. दर्शनी बाजूस दाढी राखलेला बादशहा; मागील बाजूस उभा वृषभ, त्याच्या वर दोन तारे, आणि कडेनें ‘राज्याचें क्षेम’ या अर्थाचा लॅटिन लेख. यानें ख्रिस्ती धर्म टाकून जुन्या देवतांचीं पूजनें पुन्हां सुरू केलीं; तेव्हां हा वृषभ बलिपशूच होय, असें पुष्कळांनीं लिहिलें आहे. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

त्याचा मुख्य आधार म्हणजे पांचव्या शतकांतील ख्रिस्ती इतिहासकार सॉक्रेटीस. (तत्त्ववेत्ता सॉक्रेटीस तो हा नव्हे.) त्याच्या सांगण्याप्रमाणें नाण्यावर वेदी व वृषभ होते, आणि अँटिओकचे लोक त्यावरून बादशहाची टवाळी करीत. टवाळी झाली असेल. त्या नगरवासीयांशीं पडलेलें वांकडें ज्युलियननें स्वतःच ‘मिसोपोगोन’ या उपरोधिक लेखांत मांडलें आहे. पण वेदी कोठें आहे? नाणें हातीं घेऊन पाहावें: वेदी नाहीं, पुरोहित नाहीं, परशु नाहीं; बळीच्या पशूच्या पाठीवरील शृंगारवस्त्रही नाहीं. ऐकीव मजकुरापेक्षां धातूची साक्ष बलवत्तर होय. आम्हीं स्वतः शाळेंत असतां ग्रंथावर विसंबून ही वेदी मुलांस शिकविली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दुसरा पक्ष ईजिप्तमधील अपिस या पवित्र वृषभाचा. ज्युलियनच्या कारकीर्दींत नवा अपिस सांपडल्याचें अम्मियानुस नमूद करितो खरें. परंतु अपिसच्या शिंगांमध्यें बिंब दाखविण्याचा प्रघात होता, तें येथें नाहीं.

राहतां राहिले दोन तारे. त्यांची उपपत्ति लावणारा पक्ष वृषभराशीचा, व तोच आम्हांस सयुक्तिक दिसतो. आर्ल येथील टांकसाळीनें तर वृषभापुढें चोचींत पर्णमुकुट धरलेला गरुड घातला आहे. गरुड हा ज्युपिटरचा पक्षी. मारावयाच्या पशूस हा मान कशाला? संस्कृत शिकलेल्यास वृषभ दिसतांच चतुष्पाद धर्म आठवतो. तो मोहही येथें आवरलाच पाहिजे.

ज्यांच्या संग्रहीं हें नाणें असेल त्यांनीं तें साफ करितांना वरची कड खरवडूं नये; तारे तेथेंच असतात.