'हेलफायर क्लब' : उच्चवर्गीय गोपनीयता आणि अश्लीलतेचा निवाडा

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये 'हेलफायर क्लब' या नावाने ओळखल्या गेलेल्या उच्चवर्गीय गुप्त मंडळांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यातील बरेचसे मद्य, गणिका आणि सैतानपूजा यांच्या वर्णनातच रमते. प्रस्तुत लेखात निराळा प्रश्न विचारात घेतला आहे. एकाच प्रकारचे वर्तन व लेखन कोणाच्या बाबतीत खासगी करमणूक ठरले आणि कोणाच्या बाबतीत गुन्हा?

अशा मंडळांविरुद्ध १७२१ मध्ये राजाज्ञा निघाली होती. तरीही १७५० च्या दशकात सर फ्रान्सिस डॅशवुड याने थेम्सकाठच्या मेडमेनहॅम येथील जुन्या मठात आपल्या मित्रांचे मंडळ जमविले. सदस्य स्वतःला सेंट फ्रान्सिसचे संन्यासी म्हणवीत. 'हेलफायर' हे नाव त्यांना मागाहून चिकटले. प्रवेशद्वारावरचे स्वैराचाराचे ब्रीद राब्लेच्या कादंबरीतून घेतलेले होते. पाखंडासाठीही अभिजात ग्रंथाचा आधार लागावा, हे या वर्गाच्या शिक्षणाला साजेसेच होते. मंडळाचा कारभारी, कवी पॉल व्हाइटहेड याने १७७४ मधील आपल्या मृत्यूपूर्वी कागदपत्रे जाळून टाकली. त्यामुळे चार्ल्स जॉन्स्टनच्या 'क्रिसल' या उपरोधिक कादंबरीवर आणि होरेस वॉलपोलच्या चविष्ट वृत्तांतांवर नंतरच्या लेखकांनी अवाजवी भिस्त ठेवली. सैतानपूजेचा आरोप त्या आधारावर सिद्ध होत नाही. वेस्ट विकम येथील ज्या गुहा १९५१ पासून पर्यटकांना दाखविल्या जातात, त्यांतील खडू रस्त्याच्या बांधणीसाठी काढलेला होता, आणि मंडळाचे मुख्य स्थान तर मेडमेनहॅम होते.

खरा पेच १७६३ चा आहे. जॉन विल्क्स हा मद्यनिर्मात्याचा मुलगा, संसदसदस्य आणि याच मंडळातील सोबती. 'नॉर्थ ब्रिटन'च्या ४५ व्या अंकात त्याने राजाच्या भाषणावर टीका केली. त्याला अटक झाली, परंतु संसदीय विशेषाधिकारामुळे तो सुटला. तेव्हा सरकारने दुसरे हत्यार शोधले. पोपच्या 'एसे ऑन मॅन'चे 'एसे ऑन वुमन' हे अश्लील विडंबन विल्क्सच्या घरच्या छापखान्यात मोजक्या प्रतींपुरते छापले जात होते. त्याची मुद्रिते छापखान्यातील कामगाराकरवी मिळविण्यात आली आणि १५ नोव्हेंबर १७६३ रोजी लॉर्डांच्या सभागृहात ती वाचून दाखविण्यात आली. वाचणारा होता अर्ल ऑफ सँडविच, मेडमेनहॅमच्याच वर्तुळातला मनुष्य! या रचनेचा मोठा वाटा टॉमस पॉटरचा, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपच्या दिवंगत पुत्राचा, असे मानले जाते. आरोपी मात्र विल्क्स ठरला. त्याला परागंदा व्हावे लागले, संसदेतून त्याची हकालपट्टी झाली. डॅशवुड मात्र १७६२-६३ मध्ये अर्थमंत्री होता आणि १७६६ पासून १७८१ मधील मृत्यूपर्यंत टपाल खात्याचा संयुक्त प्रमुख राहिला.

लंडनच्या प्रेक्षकांनी हे ढोंग ओळखले. जॉन गेच्या 'बेगर्स ऑपेरा'तील साथीदाराचा घात करणाऱ्या जेमी ट्विचरचे नाव सँडविचला कायमचे जडले. (याच नाटकावरून ब्रेख्टने रचलेल्या नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' हे रूपांतर केले.)

विल्क्सवरील कारवाईमागे अश्लीलतेची चीड नव्हती, ती राजकीय होती, असा निष्कर्ष एका नंतरच्या प्रकरणाशी तुलना करता अधिक बळावतो. डॅशवुड ज्या 'सोसायटी ऑफ डिलेटँटी'च्या संस्थापकांपैकी होता, तिच्यासाठी रिचर्ड पेन नाइट याचा लिंगपूजाविषयक प्रबंध १७८६ मध्ये छापण्यात आला. तोही मर्यादित प्रतींचा आणि खासगी वितरणाचा. प्राचीन धर्मांतील कामप्रतीकांचा विचार करताना नाइटने मुंबईजवळच्या घारापुरीचा म्हणून इंग्लंडमध्ये आलेला, चार्ल्स टाउनलीच्या संग्रहातील एक मिथुनशिल्पाचा तुकडाही चर्चेस घेतला. हिंदू शिल्पाकडे केवळ विकृती म्हणून न पाहता अर्थपूर्ण प्रतीक म्हणून पाहण्याचा हा प्रयत्न होता, हे श्रेय नाइटला द्यावे लागते. तथापि शिल्प मूळ स्थानापासून तोडून आणण्याविषयी त्याला काही खंत वाटलेली दिसत नाही. पुढे १७९० च्या दशकात टीकेची झोड उठली, तेव्हा नाइटने प्रती परत मिळविण्याचा प्रयत्न केला. खटला झाला नाही. १८०६ पर्यंत तो लडलोचा संसदसदस्य राहिला, आणि टाउनलीचा शिल्पसंग्रह १८०५ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला.