पोथी आणि ग्रंथ

ग्रंथ माणसाची जीवनदृष्टी घडवतात, असे आपण सभासंमेलनांतून नेहमी म्हणतो. हे विधान अपुरे आहे. ग्रंथ माणसाला घडवतो, तसा गुलामही करतो. यांतले काय व्हायचे, हे वाचणारा त्याला प्रश्न विचारतो की नाही यावर ठरते. बाबासाहेबांचे वाचन हा याचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ साली, त्यांच्या परिनिर्वाणानंतर ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ती त्यात नव्हती. दलित आत्मकथनांची चर्चा करणाऱ्यांनी ही मोजकी पाने अवश्य वाचावीत. वडील रामजी मुलांना रोज रामायण-महाभारत वाचायला लावीत. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्रांची अवहेलना आहे ते आम्ही का वाचायचे, असे मुलाने विचारले. वडिलांचे उत्तर कळवळ्याचे होते : अस्पृश्यतेमुळे मनात न्यूनगंड येतो, द्रोण, कर्ण, वाल्मीकी केवढ्या उंचीला गेले हे पाहिले की तो जातो. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणीच त्याला पटला नाही.

अशा मनाच्या हाती कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे बुद्धचरित्र पडले. सत्कारसभेत मिळालेली ती भेट होती. चरित्रकार तो सत्कार १९०७ च्या मॅट्रिकचा मानतात. बाबासाहेब स्वतः इंग्रजी चौथीचा म्हणतात. पण महत्त्वाचे हे, की आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नव्हतो, तुलना करता येत होती, असे ते सांगतात. तरीही नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची! एवढी वर्षे त्यांनी त्या ओढीला कसोटीवर धरले. याला श्रद्धा म्हणायचे तर म्हणा. ती तपासलेली श्रद्धा होती.

आणि ज्या बुद्धाला स्वीकारले, त्याच्या चरित्रालाही त्यांनी सूट दिली नाही. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने यांपैकी काहीच पाहिले नव्हते, हे बुद्धीला पटत नाही. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा येतो. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, संघात बहुमताने हरतो आणि परिव्रज्या पत्करतो. इतिहासपंडितांनी यावर खुशाल वाद घालावा. पण १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी उभा राहिलेला माणूस ही कथा लिहीत होता, हे समीक्षकाला विसरता येणार नाही. इथे दुःख हे दैव नाही. ते माणसांच्या व्यवहारातून निर्माण होते, म्हणून ते दूरही करता येते.

ग्रंथाच्या आरंभी त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत : परिव्रज्या, चार आर्यसत्ये, आत्मा-कर्म-पुनर्जन्म आणि भिक्खूचे प्रयोजन. वाचकांनी त्यांच्या उकलीत भर घालावी, अशी अपेक्षाही व्यक्त केली आहे. वर्षावासात विहारा-विहारांतून आपण हा ग्रंथ वाचतो. वाचन संपते, वंदना होते, ग्रंथ वस्त्रात गुंडाळून ठेवला जातो. त्या चार प्रश्नांवर किती विहारांत रात्र जागते?

रामजींच्या घरातल्या मुलाने पोथीला प्रश्न विचारला, म्हणून आपल्या हाती हा ग्रंथ आला. आपण प्रश्न विचारणे थांबवले, तर याचीही पोथी होईल. आणि तो दोष ग्रंथाचा नसेल.